लाइपझिग : चर्च, कापडाची वखार आणि तळघर

जर्मनीतील लाइपझिगला जाणाऱ्याने शुक्रवारची सायंकाळ राखून ठेवावी. शाळेला सुट्टी नसेल तर सहा वाजता सेंट थॉमस चर्चमध्ये मुलांचा गायकवृंद प्रार्थनासंगीत गातो. हा वृंद १२१२ सालचा. शुल्क अगदी नाममात्र. गायक मागच्या उंच सज्जात उभे असतात. त्यामुळे चेहरे दिसत नाहीत, केवळ स्वर पोहोचतात. समोर वेदीपाशी योहान सेबास्टियन बाख यांची समाधी आहे. १७२३ पासून मृत्यूपर्यंत, २७ वर्षे, ते येथेच संगीतप्रमुख होते.

गेवांडहाउस वाद्यवृंदाची कथा मात्र आम्हां वाणिज्यवाल्यांना अधिक जवळची. १७४३ मध्ये व्यापारी व उमराव अशा १६ जणांनी पदरमोड करून तो उभा केला. आरंभीच्या मैफली चक्क एका सराईत होत. १७८१ मध्ये कापड-व्यापाऱ्यांच्या वखारीच्या माडीवर सभागृह झाले आणि ‘वस्त्रगृह’ हेच नाव वाद्यवृंदाला चिकटले. पुढची वास्तू महायुद्धातील बॉम्बवर्षावात गेली, आजची १९८१ची.

हे ध्यानी ठेवूनच ‘डिस्टिलरी’ या टेक्नो क्लबकडे पाहावे. (नावाने बिचकू नये.) तो १९९२ मध्ये जुन्या मद्यनिर्मितीगृहाच्या तळघरात सुरू झाला. यंत्रांचा तो अखंड ठेका माझ्या कानांना मानवत नाही, हे खरे. तरीही त्याला उपरा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सराईतल्या संगीतालाही कोणी तसेच म्हटले असेल. गेवांडहाउसला हक्काचे सभागृह मिळण्यास ३८ वर्षे लागली. डिस्टिलरीला २०२३ मध्ये, ३१व्या वर्षी, नव्या बांधकामांपायी आपली जागा सोडावी लागली.