संमतीची सही

अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलास अग्निवीर म्हणून भरती व्हावयाचे असेल तर त्याच्या अर्जावर आईबापांची अथवा पालकाची सही असावी लागते. आणि २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत भरतीचे किमान वय साडेसतरा वर्षे असल्यामुळे, ज्याच्या मिसरुडीची रेघही अद्याप पुरती उमटलेली नाही त्याच्या प्राणांच्या जोखमीस लेखी मान्यता देण्याचा प्रसंग आमच्या सातारा जिल्ह्यातील पुष्कळ घरांप्रमाणे माझ्याही घरी आला आहे.

ज्या देशांत लष्करी सेवा सक्तीची असते तेथील पित्याला निदान सरकारी हुकुमाला दोष देता येतो. आपल्याकडे सक्ती नाही, म्हणून दोष द्यावयास कोणी नाही. मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, “आबा, तुम्ही सही केली नाहीत, तर सहा महिन्यांनी माझी मीच करीन.” त्यात उद्धटपणा नव्हता; कायदा त्याने नीट वाचला होता.

जवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. त्या युद्धात मराठा पलटणींतील शिपायांनी मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात एप्रिल १९१६ मधील शरणागतीपर्यंत उपासमार सोसली. त्यांच्या आईबापांना ते कूट कोणत्या दिशेस आहे हे तरी कोणी सांगितले असेल काय, असा विचार त्या स्मारकापुढे माझ्या मनात हटकून येतो.

मृत्यूची भीती बोलून दाखविता येते. तिला गावात प्रतिष्ठा आहे. परंतु माझी झोप उडविणारी चिंता निराळी आहे, आणि ती उच्चारताना संकोच वाटतो, कारण सीमेवरील त्यागापुढे ती क्षुद्र भासते. मुदत चार वर्षांची. त्यानंतर तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होणार. उरलेले सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनावाचून, बाविशीच्या आतबाहेर घरी येणार. ज्या वयात सोबतीच्या मुलांच्या हाती पदवी वा कसब आलेले असेल, त्या वयात माझ्या मुलाने शिस्त आणि शौर्य एवढ्याच भांडवलावर पुन्हा उमेदवारी करीत हिंडावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

तरीही सही मी करणार आहे, कारण त्याची इच्छा खरी आहे. गावाने हारतुरे घालून त्याला निरोप द्यावा, ते उचितच होय. परंतु चार वर्षांनी तो कामाचा अर्ज घेऊन दारी आला, तर तो अर्ज दप्तरात बांधून न ठेवता त्याला उभे करावे, एवढेच माझे मागणे आहे.