बाबा, रीस्टार्ट केलंत का?

‘कॉम्प्युटर हळू झालाय गं.’

आपल्यापैकी प्रत्येकाला घरून येणाऱ्या फोनची एक ठरलेली यादी असते. जेवलीस का, पगार झाला का, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि मग हे. त्यावर आपलं उत्तरही ठरलेलं. ‘बाबा, रीस्टार्ट केलंत का?’

मी हे उत्तर एका महिन्यात तीनदा दिलं. एकदा अंधेरी स्टेशनच्या ब्रिजवर, एकदा एडिटरचा फोन वेटिंगवर असताना, आणि एकदा चक्क अर्धवट झोपेत. फ्रीलान्सर माणूस, डेडलाइन डोक्यावर, रूममेटने गीझर बंद केलेला... यात डोंबिवलीतल्या जुन्या डेस्कटॉपचं दुखणं कोण ऐकणार?

डेस्कटॉप तसा म्हाताराच. २०१४ साली, मी अकरावीत असताना घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. तेव्हा सोसायटीत आमचा भाव वधारला होता. आता त्याच्यावर क्रोशाचं कव्हर असतं आणि बाबा एकटेच तो वापरतात. आईला जाऊन चार वर्षं झाली. दादा बंगळुरूला. मी म्हटलं तर जवळ, म्हटलं तर नाही.

शेवटी एका शनिवारी गेले. मनात एकच थिअरी: बाबांनी कुठल्या तरी फॉरवर्डवर क्लिक केलंय.

बटण दाबलं. चहा झाला, पोहे झाले, पेपर वाचून झाला, तेव्हा कुठे डेस्कटॉपवरचे आयकॉन एकेक करून उगवले. मी बाह्या सरसावल्या. स्टार्टअपला आपोआप चालू होणारे अकरा प्रोग्राम बंद केले. ब्राउझरमध्ये चिकटलेली एक्स्टेन्शन्स काढली. टेम्पररी फाइल्स उडवल्या. कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ काढली, कारण पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो, हे मला माहीत होतं. एवढं करून मशीन ढिम्म. मग अँटीव्हायरसचा फुल स्कॅन लावला. चार तासांनी तो ३४ टक्क्यांवर अडकला होता.

चिडले मी. ‘बाबा, खरं सांगा, कशावर क्लिक केलंत? लॉटरी लागली होती का?’

बाबा काही बोलले नाहीत. आत गेले, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसले. माझे बाबा रागावले की कुंड्यांना पाणी घालतात. त्या दिवशी तुळस पार बुडाली.

रात्री कॉलेजातल्या एका मित्राला फोन केला. तो हिंजवडीला आयटीत आहे. मी माझी दुसरी थिअरी मांडली: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणूनच मशीन मुद्दाम हळू केलं असणार. तो हसला. म्हणाला, ‘सपोर्ट संपला की सिक्युरिटी अपडेट्स थांबतात. वेग कमी होत नाही. तुझ्या मशीनवर विंडोज ११ चढणार नाही हे खरं, प्रोसेसर जुना आहे. पण मला एक सांग, हळू झालं ते हळूहळू की अचानक?’

आता आली का पंचाईत! मला कुठे माहीत? मी इथे राहतच नाही.

‘अचानक,’ मागून बाबा म्हणाले. ‘पाच तारखेला.’

आणि त्यांनी कपाटातून एक लांब वही आणली.

बाबांनी सहकारी बँकेत तेहतीस वर्षं कॅशियर म्हणून काढली. रोजमेळ जुळल्याशिवाय घरी न येणारा माणूस. वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून रकाने केलेले: तारीख, चालू केला, चालू झाला, शेरा. रोजची नोंद. रोजची!

२ तारीख: एक मिनिट पन्नास सेकंद. नॉर्मल.
५ तारीख: सहा मिनिटं. आतून कट-कट आवाज.
११ तारीख: नऊ मिनिटं. मुलीला फोन. रीस्टार्ट करा म्हणाली. केला. फरक नाही.
१४ तारीख: मुलीला फोन. बिझी.
१९ तारीख: २०१६ गणपतीचा फोल्डर उघडला की मशीन अडकतं. बाकी फोल्डर ठीक.

‘बिझी’ हा शब्द मी दोनदा वाचला.

वहीचा फोटो मित्राला पाठवला. अर्ध्या मिनिटात त्याचा फोन. आवाज बदललेला. ‘आधी तो स्कॅन थांबव. आत्ताच्या आत्ता. टास्क मॅनेजर उघड आणि डिस्कचा आकडा सांग.’

डिस्क १०० टक्के. पण वाचण्याचा वेग? सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही.

‘हेच. प्रोग्राम जास्त असते तर डिस्क १०० टक्के दिसली असती आणि वेगही दिसला असता. इथे डिस्क मरमर मरतेय आणि हाती काही लागत नाहीये. डिस्क चाललीय तुझी.’

मग त्याने समजावलं. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, आमच्या डिस्कच्या मिनिटाला ७२०० वेळा. म्हणजे एक फेरी साधारण ८ मिलिसेकंदांची. एखादी जागा खराब झाली की वाचणारं हेड तिथे अडखळतं, पुढच्या फेरीची वाट बघतं, पुन्हा वाचतं, पुन्हा अडखळतं. असे शेकडो प्रयत्न. कधी कधी काही सेकंद निव्वळ यातच जातात आणि विंडोज बिचारं हात जोडून उभं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटर हळू झाला. तो हळू झालेला नसतो. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असतो.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. त्या सोयीचं नावच स्मार्ट. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम ती नोंद दाखवतो. आमच्याकडे पिवळा दिवा. ०५ म्हणजे खराब निघून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे अजून वाचता न आलेल्या. सी७ वाढला असता तर नुसती केबल बदलून भागलं असतं. तो शून्य होता. वाढला होता सी५. आणि मी दिवसभर फुल स्कॅन लावून त्या आजारी डिस्कला कानाकोपऱ्यातून पळवत होते!

‘बॅकअप आहे ना?’ मित्राने विचारलं.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, पुढच्या वेळी आले की करून देते.

तेव्हा कळलं की बाबा रोज सकाळी सातला चहा घेऊन कॉम्प्युटर का लावतात. फॉरवर्डसाठी नाही. ते रोज एक फोल्डर उघडतात. महाबळेश्वर, दादाची मुंज, २०१६ चा गणपती. त्या गणपतीत एक व्हिडिओ आहे. त्यात आई मोदक वळतेय आणि कॅमेरा धरलेल्या मला ओरडतेय की नुसती शूटिंग करू नकोस, हात लाव. आईच्या आवाजाचा आमच्याकडे तेवढा एकच व्हिडिओ.

मशीन बंद केलं. रविवार तसाच गेला. कोणी फारसं बोललं नाही.

सोमवारी दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. दोन टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणि एक एसएसडी डोंबिवलीतही मिळाली असती. पण बाबा म्हणाले, ‘मशीन तिथूनच जोडून आणलं होतं.’ दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. २०१४ साली याच रस्त्यावर आईने कॅबिनेटचा रंग निवडला होता, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. मला आठवत नव्हतं.

संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर लिनक्सची पेन ड्राइव्ह बनवली आणि डेस्कटॉप तिच्यावरून सुरू केला. म्हणजे आजारी डिस्कला दुसरं काही काम नको. मग डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम. त्याची पद्धत मला फार आवडली. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो. जिथे अडतं ती जागा सोडून पुढे जातो, पण विसरत नाही. एका वेगळ्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. मग सगळं सोपं हाती आलं की शांतपणे त्या नोंदींकडे परत येतो. थोडक्यात, बाबांची वही!

एकच धोका. कुठून कुठे कॉपी करायचं हे कमांडमध्ये उलटं टाइप झालं की नवी रिकामी डिस्क जुनीवर उतरते. खेळ खलास. माझं बोट एंटरवर होतं. बाबा मागे उभे.

‘थांब. डेबिट कुठलं, क्रेडिट कुठलं, मोठ्याने वाच.’

वाचलं. त्यांनी साइझचे आकडे स्क्रीनवर ताडून पाहिले. ‘परत वाच.’ परत वाचलं. ‘आता दाब.’

दीड दिवस लागला. पहिले काही तास आकडे भराभर पळाले, मग मुंगीच्या पावलांनी. मी डायनिंग टेबलवरून माझी स्टोरी फाइल केली. बाबा दर तासाला वहीत नोंद करत होते. बुधवारी सकाळी संपलं तेव्हा एक टीबीतले जेमतेम २८ एमबी हाती लागले नव्हते. ऐकायला काहीच नाही. पण त्यात नऊ फोटो होते. एकात आई अंबोलीच्या पॉइंटवर उभी आहे, कमरेखाली सगळं करडं.

आणि व्हिडिओ? लागला. मध्ये चित्र फुटतं, आवाज दोन सेकंद जातो, आणि मग आई परत ओरडते. बाबांनी तो एकदाच पाहिला आणि चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘तीन कॉप्या कर. एक घरात, एक तुझ्याकडे, एक दादाकडे. बँकेत आम्ही एकाच कपाटात सगळं ठेवत नव्हतो.’ जगभरचे आयटीवाले ज्याला ३-२-१ म्हणतात ते हेच: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी.

मशीनमध्ये आता एसएसडी आहे, त्यावर लिनक्स आहे. फिरणारी तबकडी नाही, कट-कट नाही, वीस सेकंदांत चालू होतं. जुनी डिस्क बाबांनी टाकू दिली नाही. कागदात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवलीय.

वहीत मात्र एक नवा रकाना आलाय, ‘बॅकअप’. दर रविवारी सकाळी मी फोन करते आणि म्हणते, ‘बाबा, शेरा वाचा.’ ते वाचतात. सगळं नॉर्मल असतं. मग आम्ही इतर गोष्टी बोलतो. कुंड्या, लोकल, दादाची मुलगी. परवा तर ते मला मोदकांची उकड कशी काढायची ते सांगत होते. त्यांनी तोच व्हिडिओ बघून शिकलीय म्हणे!

तर तुमच्या घरचा कॉम्प्युटर अचानक हळू झाला असेल, तर रीस्टार्ट करा जरूर. पण आधी डिस्कचा आकडा बघा, आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. आणि घरून तिसऱ्यांदा तोच फोन आला, तर एवढं विचारा: ‘कधीपासून?’