दिवा बसविला म्हणून नोंदणी होत नाही

पेढीवर पै-पैचा हिशेब जुळविणारे एक गृहस्थ मुलाच्या हट्टापुढे नमले आणि घरी मातीवरच्या शर्यतीची ‘डर्ट बाईक’ आली. दिवा, हॉर्न, आरसे बसविले की ती रस्त्यावर नेता येईल, असा मुलाचा समज होता. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली नमुन्यास मान्यता नसेल, तर परिवहन कार्यालय नोंदणी करीत नाही. आणि १९८८ च्या अधिनियमाचे कलम ३९ नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणू देत नाही. दंड एक वेळ परवडेल. पण विम्याचे संरक्षण नसताना पादचारी जखमी झाला, तर भरपाई मालकाच्याच माथी येते आणि गेलेला जीव कोणत्याही वहीत जमा होत नाही. म्हणून ती गाडी आता टेम्पोतून बंदिस्त ट्रॅकवरच जाते.