माडीवरची तक्तपोशी

पिंपळगाव राजाच्या आमच्या घरात माडीला सागवानी तक्तपोशी आहे : खालच्यांचं छत, वरच्यांची जमीन. जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी तिचा भाव करून गेला. काकांना ती विकून स्लॅब टाकायचा होता. "वर राह्यते कोन आता?" हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, मी पुण्यात असतो, दिवाळीला येतो. तरी म्हटलं, आधी घासून तर पाहू. (पुण्यात लोक लाकडाचं चित्र छापलेल्या फ्लोअरिंगला पैसे मोजतात.)

सुतारानं मशीन लावण्याआधी फळ्यांवरून तळहात फिरवला. "सपाट कराची का साफ?"

इतका नेमका प्रश्न आमच्या रिक्वायरमेंट मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही. जिन्याच्या तोंडाशी चार पिढ्यांच्या पावलांनी फळी खोलगट झाली होती. गाठी कठीण, त्या कमी झिजतात, म्हणून वर उठलेल्या. सपाट करायचं तर सगळ्या फळ्या त्या खोलगटाच्या तळापर्यंत उतरवायच्या. निम्मी जाडी भुशात.

"साफ," मी म्हटलं.

मग जवसाचं तेल. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि होताना तापतं. तेलाचे बोळे ढिगानं ठेवले तर आपोआप पेटू शकतात. सुतारानं प्रत्येक चिंधी अंगणातल्या दोरीवर वेगळी पसरली.

चौथ्या दिवशी काका चप्पल जिन्याखाली काढून वर आले. खोलगटात पाय ठेवून जरा वेळ उभे राहिले. व्यापाऱ्याला त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.