काट्यावरची रांग आणि सर्व्हरची खोली

नगर जिल्ह्यात सर्व्हर आला तो उसाच्या मागून. तो आणला वजनकाट्याने, शेतकी विभागाच्या ऊसनोंदींनी आणि पंधरवड्याच्या ऊसबिलांनी. लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कष्टातून. पुढे कोपरगाव, राहुरी, संगमनेर, सोनई, भेंडा अशी कारखान्यांची माळच लागली. 1983 मध्ये लोणी, संगमनेर आणि कोपरगावला अभियांत्रिकी कॉलेजं निघाली, तीही याच सहकाराच्या आधाराने. तिथं शिकलेली आमच्यासारखी पोरं नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागात येऊन बसली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण त्या दिवसांबद्दल बोलताना माझ्या तोंडी नगरच येतं.

सर्व्हर म्हणजे तेव्हा 486 प्रोसेसरचं एक उभं कॅबिनेट आणि त्यावर नॉव्हेल नेटवेअर 3.12 ही ऑपरेटिंग सिस्टीम. कारखान्यात साहेबांच्या केबिनला पंखा असायचा आणि एसी सर्व्हरच्या खोलीला. चपला बाहेर काढूनच आत जायचं. त्याला कारणही होतं. गाळप सुरू झालं की भुश्श्याची धूळ आणि बॉयलरची काजळी कुठल्याही फटीतून आत शिरायची, आणि आतल्या पंख्यांवर तिचा थर बसायचा. खंडेनवमीला मिलच्या रोलरबरोबर सर्व्हरलाही झेंडूची माळ पडायची. त्या माळेचे तुकडे आत जाऊ नयेत म्हणून आम्ही ती मॉनिटरवर सरकवून ठेवायचो.

नेटवर्क होतं काळ्या कोॲक्शियल केबलचं. एका मशीनवरून दुसऱ्यावर, टी जोडत जोडत, आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर. एका तुकड्याची मर्यादा 185 मीटर. मधला एक सांधा ढिला झाला की अख्खी लाइन बंद. मग टर्मिनेटर हातात घेऊन निम्म्या अंतरावर केबल सोडवायची, कुठली बाजू चालते ते बघायचं, पुन्हा त्याच्या निम्म्यावर जायचं. बिघाड असा अर्ध्याअर्ध्याने घेरत नेण्याची सवय तिथं लागली ती आजही उपयोगी पडते.

सर्वांत जास्त शिकवलं ते परवानग्यांनी. सुपरवायझर म्हणून लॉगिन करून सिसकॉन उघडायचं आणि ठरवायचं की कुणाला काय दिसेल. काट्यावरच्या लिपिकाला भरगाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन नोंदवता आलं पाहिजे, पण एकदा पावती निघाली की ते बदलता येता कामा नये. शेतकी विभागाला नोंदी दुरुस्त करता याव्यात, दराच्या फाइलला मात्र हात लागू नये. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्यासाठी काटा, केनयार्ड, गट ऑफिस आणि अकाउंट्स असं सगळीकडे जाऊन माणसं नेमकं काय काम करतात ते बघावं लागे. ऊस पिकवणाऱ्याचा कारखान्यावरचा विश्वास काट्यावर ठरतो, आणि त्या विश्वासाची एक किल्ली आमच्याकडे होती. आम्हाला त्याचं भान होतं आणि अभिमानही होता.

ऊस (नियंत्रण) आदेश 1966 चा. त्यानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यामुळे पंधरवडा भरला की बिलांचा प्रोग्रॅम रात्रभर चालायचा. नेटवेअरच्या कन्सोलला बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर एक साप फिरू लागे, आणि सर्व्हरवर भार आला की त्याची शेपटी लांबत जाई. बिलांच्या रात्री त्या शेपटीकडे बघूनच काम कुठवर आलं याचा अंदाज यायचा. पलीकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत असायचे. शेतकऱ्याचं नाव देवनागरीत छापलं जायचं, आणि डॉसमध्ये ते शक्य झालं होतं पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे. स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत छापलेलं बघून काउंटरवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सभासदाचा चेहरा कसा खुलायचा, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. आज युनिकोडमुळे कुठल्याही फोनवर मराठी उमटते. हा बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो, क्लाउडपेक्षाही.

वीज हा तेव्हाचा रोजचा विषय. हंगामात कारखान्याची वीज टर्बाइनवर. टर्बाइन ट्रिप झाली की अंधार, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या जेवढा वेळ देतील तेवढ्यात सर्व्हर नीट उतरवायचा. नाही जमलं तर पुढे डिस्क दुरुस्तीचं व्हीरिपेअर चालवून व्हॉल्यूम माउंट होण्याची वाट बघायची. तोवर बाहेर काट्यावर ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या थांबलेल्या. ऊस वाळतो म्हणजे वजन घटतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असायचं. सर्व्हर बंद असण्याची किंमत आम्हाला खिडकीतून दिसायची.

शिकायचं कुठं? सरावाला वेगळं मशीन नव्हतं. हंगामात चालत्या सर्व्हरला हात लावायची हिंमत कुणी करत नसे. मिलची ओव्हरहॉलिंग जशी ऑफ सीझनला, तसं आमचंही शिक्षण ऑफ सीझनला. तेव्हा डिस्क बदलायची, नवी आवृत्ती टाकून बघायची, नेटवेअरवरून विंडोज एनटीवर जायचं की नाही यावर वाद घालायचे. पुस्तकांसाठी एसटीने पुणं गाठायचं आणि अप्पा बळवंत चौक पालथा घालायचा. व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, पण ते महानगरांत. आमच्यापर्यंत त्याची बातमी आधी आली आणि जोडणी फार उशिरा. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळू लागली तेव्हा ती या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरायची.

आज अकोले किंवा जामखेडची मुलगी घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकते, त्यात उबुंटू सर्व्हर चढवते, मोडते, पुसते, पुन्हा चढवते, तेही एका संध्याकाळी. हे पाहून मला खरोखर आनंद होतो. आम्हाला पुढच्या ऑफ सीझनपर्यंत थांबावं लागायचं. मुंबईत मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं आहेत, आणि गावातली पतसंस्था तिथला सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेते. काजळी नाही, टर्मिनेटर नाही, टर्बाइन नाही. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही.

पण एक गोष्ट मागे पडते आहे आणि ती मला सलते. आम्ही रोज बॅकअपची टेप काढायचो. रोजची, आठवड्याची, महिन्याची टेप वेगळी, आणि महिन्याची बँकेच्या लॉकरमध्ये. ऑफ सीझनला त्यातली एक जुन्या मशीनवर उतरवून एखाद्या सभासदाचं खातं उघडून बघायचो. जमलं तरच तो बॅकअप. आता ‘सगळं क्लाउडला सिंक होतं’ असं उत्तर मिळतं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल खराब झाली किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातलं, तर तीच खराब फाइल क्लाउडवरही जाते. आणि हल्ले सहकारी संस्थांवरही होतात. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटी रुपये गेले. जुलै 2024 मध्ये सेवा पुरवणाऱ्या एकाच कंपनीवर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. यंत्र आपल्या खोलीत नसलं तरी ठेवी आपल्याच माणसांच्या असतात.

म्हणून तुम्ही पतसंस्थेचे, दूध संघाचे किंवा कारखान्याचे सभासद असाल, तर येत्या सर्वसाधारण सभेत ताळेबंदाबरोबर हेही विचारा: गेल्या वर्षात बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहिला का, कोणत्या तारखेला, आणि कोणी? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.