फ्रान्सला निघण्यापूर्वी

कर्जत-खोपोली परिसरातील आपल्या ज्येष्ठांच्या बैठकीत ‘एकदा युरोप करून येऊ’ हा विषय गेली काही वर्षे नियमाने निघतो. आयफेल टॉवर, लूव्र, नोत्र दाम असा कार्यक्रम आणि सोबत जैन स्वयंपाकी, अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही पोहोचल्या आहेत. माझा या सहलीला विरोध नाही. मात्र आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला एक खोड जडलेली असते. नवे खाते उघडण्याआधी तो जुन्या खात्याचा उतारा मागतो. फ्रान्सचा इतिहास आणि ख्रिस्ती धर्माचा वारसा समजून घ्यायचा असेल, तर त्या खात्यातील काही नोंदी आपल्याच जिल्ह्यात पडून आहेत, त्या आधी वाचाव्यात, असे मी सुचविले. त्यातून गेल्या डिसेंबरात एका दिवसाची अभ्यास सहल निघाली. बारा ज्येष्ठ, दहा महाविद्यालयीन मुले-मुली, एक छोटी बस.

निघण्यापूर्वी एका सद्गृहस्थांनी स्पष्ट शब्दांत हरकत घेतली. ‘‘चर्चच्या पडक्या भिंती दाखवायला मुलांना कशाला नेता? एवढे पैसे आणि एवढा दिवस एखाद्या तीर्थाला द्या.’’ हरकत प्रामाणिक होती आणि ती अनेकांच्या मनात होती. मी वाद घातला नाही. ‘‘आपणही चला, आणि परत आल्यावर हेच बोला,’’ एवढेच म्हटले. ते आले, नातवाला घेऊन आले.

पहिला मुक्काम खोपोलीचा. नाना फडणवीसांनी बांधलेले तळे आणि त्याच्या काठचे महादेवाचे मंदिर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. समोर बोरघाट उभा. या घाटाचा फ्रान्सशी काय संबंध, असे मुलांना विचारले, तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही. अशा वेळी शिकवणाऱ्याला जो आनंद होतो तो मी लपवला नाही!

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पेशवेपदी बसवण्यासाठी पनवेलला उतरली आणि याच घाटाने खंडाळ्यास चढली. माणसे सुमारे चार हजार आणि ओझ्याचे बैल एकोणीस हजार. वाणिज्य शाखेच्या एका मुलीने तेथल्या तेथे हिशेब केला की एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल होतात. असले लटांबर कसे चालणार? खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल कापायला त्यांना अकरा दिवस लागले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच तो लोकांच्या तोंडी राहिलेला ‘इष्टुर फाकडा’. तळेगावाहून माघार, वडगावला वेढा आणि जानेवारी १७७९ मधला नामुष्कीचा तह हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुंबईकरांनी एवढी घाई का केली? या प्रश्नाच्या उत्तरात एक फ्रेंच माणूस उभा आहे, आणि तो भेटतो चौलच्या बंदरात.

म्हणून बस पेणच्या रस्त्याने समुद्राकडे वळली.

शेव्हालिए द सेंट ल्यूबिन हा १७७७ साली फ्रेंच जहाजातून चौलला उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास गेला. नानांनी त्याचे थाटात स्वागत केले. त्याने अडीच हजार युरोपीय सैनिक, शस्त्रास्त्रे आणि हिंदी पलटणींना कवायत शिकवणारे अधिकारी देण्याची भाषा केली. मोबदल्यात चौल बंदर फ्रेंचांना मिळणार, अशी वार्ता उठली. पुण्यातला इंग्रज वकील मॉस्टिन हे सारे मुंबईला कळवीत होता. तिकडे अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध लढत होत्या आणि १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने त्यांच्याशी उघड तह केला. मग चौलला उतरलेल्या एका माणसाची सावली कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जपर्यंत लांबली, यात नवल नाही. प्रत्यक्षात ती अडीच हजारांची फौज कधीच आली नाही. नानांनी १७७८ मध्येच ल्यूबिनला निरोप दिला, आणि त्याच साली फ्रेंचांचे पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेले.

मला हा ल्यूबिन फार ओळखीचा वाटतो. उत्तम पोशाख, मोठमोठी नावे, हातात एक खरे पत्र, आणि त्या पत्रात नसलेली दहा आश्वासने तोंडात! कर्जखात्यात बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने असा एक तरी ग्राहक पाहिलेला असतो. नानांनी त्याला खरोखर ओळखले नव्हते, की ओळखूनही इंग्रजांना धाक दाखवण्यासाठी त्याची मिरवणूक काढली, यावर बसमध्ये मुलांचे तीन तट पडले. एकाने नानांची बाजू घेतली, दुसऱ्याने मॉस्टिनची, आणि एका धीट मुलीने ल्यूबिनची. ती म्हणाली, ‘‘काका, तो खोटे बोलला असेल, पण इंग्रजांना ते खरे वाटले हे फ्रान्सच्या फायद्याचेच नव्हते का?’’ अनेकान्त शब्द पाठ असणे निराळे आणि न पटणाऱ्या माणसाची बाजू मनापासून मांडणे निराळे. पेणपासून अलिबागपर्यंत मी नुसता ऐकत राहिलो.

रेवदंडा हे पोर्तुगीजांचे चौल. आजचा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. १५२१ मध्ये सुरू झालेला हा किल्ला १७४० साली मराठ्यांकडे आला; म्हणूनच पुढे सदतीस वर्षांनी हे बंदर कोणाला देऊ करणे पेशव्यांच्या हातचे होते. नारळी-पोफळीच्या वाड्यांत चर्चच्या आणि मठांच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, कमानींतून वडा-पिंपळाची मुळे उतरलेली. फ्रान्सिस्कन मठाजवळचा मनोरा लोकांच्या भाषेत ‘सातखणी’ असला तरी त्याचे सात खण आता उरलेले नाहीत. वाडीत काम करणारा एक माणूस त्याच्या सावलीत सुपाऱ्या सोलत होता. आमच्या गटातील कोणीही तिथे मोठ्याने बोलले नाही, हे मला विशेष वाटले.

याच गावात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे एक छोटे प्रार्थनागृह आहे. झेवियर पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने भारतात आले, परंतु त्यांची घडण पॅरिसची. तेथील सेंत बार्ब महाविद्यालयात ते शिकले आणि १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर इग्नेशियस लोयोला व इतर सोबत्यांसह त्यांनी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांची व्रते घेतली. ही तीच टेकडी, जिथे आजच्या सहलीत चित्रकार आणि उपाहारगृहे दाखवतात. अपरिग्रह आणि ब्रह्मचर्य ज्यांच्या कानावर बालपणापासून पडले आहे, त्या मुलांना हे व्रत समजावून सांगावे लागले नाही. मात्र मी तेवढ्यावर थांबलो नाही. गोव्यात १५६० मध्ये जे धर्मन्यायालय बसले, त्याची मागणी याच झेवियरांनी पोर्तुगालच्या राजाकडे पत्राने केली होती, हेही सांगितले. व्रतही खरे आणि ते पत्रही खरे. एक नोंद ठेवून दुसरी खोडणे हे खातेवहीत चालत नाही.

दुपारचे जेवण वाडीतच झाले. घरून आणलेल्या दशम्या, मुगाची उसळ, दुधी-चण्याची भाजी. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, दशम्या संपल्या.

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या गावात हजारभर ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक भाषा बोलतात. तिला ते ‘नोऊ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षांवर काळ लोटला, तरी घराघरांतून ती टिकली. शाळा मराठी, बाजार मराठी, आणि अंगणातली हाक मात्र त्यांची स्वतःची. आमच्यापैकी कित्येक घरांत मारवाडी-गुजराती बोली नातवंडांपर्यंत पोहोचलेली नाही. तिथल्या एका आजींनी आमच्यासाठी चार वाक्ये म्हणून दाखवली, तेव्हा आमच्या काही भगिनी एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी काही बोलले नाही.

कोर्लईचे चर्च माउंट कार्मेलच्या मातेचे आहे आणि ते नांदते आहे. आत वेदीवर ताजी फुले होती. चपला काढा, असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. हरकत घेणारे ते सद्गृहस्थ दारात थांबले, त्यांनी बूट काढले, मग कमरेचा चामड्याचा पट्टा सोडून नातवाच्या हाती दिला आणि आत जाऊन शेवटच्या बाकाजवळ स्वस्थ उभे राहिले. परतीच्या वाटेवर मी त्यांना काही विचारले नाही. पेणच्या पुढे आल्यावर त्यांनीच विचारले, ‘‘फ्रान्सच्या सहलीला किती दिवस लागतात?’’

सूर्यास्तापूर्वी थांबून संध्याकाळचे जेवण उरकले. तेव्हाच कोणीतरी शंका काढली की जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर तिथे चोविहार कसा पाळायचा. यावर बसमध्ये ल्यूबिनपेक्षाही जोरदार चर्चा झाली.

पॅरिसचे अजून ठरायचे आहे. पुढची सहल मात्र ठरली असून ती आपल्या कर्जत तालुक्यातूनच निघेल. भीमाशंकरच्या देवळात पोर्तुगीज बनावटीची एक मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. चर्चमध्ये वाजलेली घंटा आता महादेवापुढे वाजते, ती कान देऊन ऐकायची. धडधाकट मंडळींनी खांडसहून गणेश घाटाने चढावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मंचरमार्गे गाडी जाईल. मी गाडीत आहे.