इंद्रभुवनचे इंग्रजीपण

सोलापूर

प्रिय सुधीर,

'इंद्रभुवन म्हणजे इंग्रजी हवेलीची नक्कल' हा तुझ्या पत्रातला शेरा मला घाईचा वाटतो. ज्यांची ही नक्कल म्हणतोस, त्या हवेल्यांनाच हा निकष लावून पाहा. नॉरफोकमधल्या होल्कम हॉलचे बांधकाम १७३४ मध्ये सुरू झाले. त्याची धाटणी इटलीतल्या पॅलादिओ या वास्तुरचनाकाराची, आणि भिंती दगडाच्या नव्हेत, पिवळसर विटांच्या. कारण त्या भागात बांधकामाजोगा दगड फारसा मिळतच नाही. उलट बाथ शहराजवळच्या खाणीतला चुनखडीचा दगड करवतीने कापता येतो, म्हणून तिथे चौकटीपासून छताच्या कठड्यापर्यंत सारी नक्षी दगडातच. अस्सल इंग्रजी म्हणून आपण जे नावाजतो, त्याचे रूप परक्याचे आणि अंग त्या त्या जमिनीचे असते.

हाच न्याय व्यापारी आप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनाला का नको? आपल्याकडचा दगड काळा आणि टणक. भुईकोटाच्या तटाला तो उत्तम, पण खांबांच्या माथ्यावरच्या पानाफुलांना तो सहजी वळत नाही. तू म्हणशील, वेरूळ याच बसाल्टात कोरले. कोरले खरे, पण त्यामागे राजांचा आश्रय आणि पिढ्यांची सवड होती. घर हयातीत उभे राहावे अशी व्यापाऱ्याची इच्छा असते आणि तिला चुनेगच्ची नक्षीच सोयीची. कमानी-खांबांची कल्पना बाहेरून आली असेल, हात मात्र इथल्या गवंड्यांचा लागला. शिवाय इंग्रज जमीनदाराची हवेली कुळांच्या खंडावर जगे आणि आपल्या बागेआड गावापासून अंतर राखून असे. सोलापुरात १८६० मध्ये रेल्वे आली, मागोमाग गिरण्या. त्यातून आलेल्या पैशाला आपली ऐपत गावालाच दाखवायची होती, म्हणून घरही भर शहरात. हा दिमाख होता, ते मी नाकारत नाही. पण दिमाखाला इंग्लंडातल्या हवेल्या तरी कुठे अपवाद आहेत?

नक्कल म्हणून वास्तू परकी ठरवली की दुरुस्ती करताना ती कशाची घडली आहे हे कोणी विचारत नाही. सिमेंट मजबूत म्हणून तेच वापरावे, हे तुझे मत मला मुळीच पटत नाही. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. वर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि जुनी नक्षी पापुद्र्यांनी गळू लागते. चुना मळणारे गवंडी दुर्मीळ झाले, हे तुझे म्हणणे खरे. पण मग तो हात तयार करण्याची तरतूद दुरुस्तीच्या निविदेत हवी. महापालिकेचा कारभार जिथून चालत आला त्या इंद्रभुवनापुरती तरी ही अट घालणे अवघड नाही. तुझ्या ओळखीच्या वास्तुरचनाकारांना चुन्याच्या मिश्रणाबद्दल विचारून ठेव. पुढच्या पत्रात तेवढे सविस्तर लिही.

तुझा,
काका